बावन्नाव्या रस्त्यावरची गाणी, हार्लेमचा आवाज

२१ नोव्हेंबर १९३४. न्यूयॉर्कच्या बावन्नाव्या रस्त्यावर, आल्विन थिएटरात, त्या रात्री ‘एनिथिंग गोज’ या संगीतिकेचा ब्रॉडवेवरचा पहिला प्रयोग होता. गाण्यांचे शब्द आणि चाली, दोन्ही कोल पोर्टरच्या. पोर्टर म्हणजे इंडियानातल्या एका धनाढ्य आजोबांचा नातू. येलमध्ये शिकलेला, पॅरिस आणि व्हेनिसच्या मेजवान्यांत रमलेला. अशा माणसाच्या नाटकाच्या पहिल्या रात्री प्रेक्षागृहात कोण बसलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

त्याच रात्री, तिथून सत्तरेक रस्ते उत्तरेला, हार्लेम या काळ्यांच्या वस्तीत, एकशे पंचविसाव्या रस्त्यावरच्या अपोलो थिएटरात हौशी कलाकारांची स्पर्धा होती. एक सतरा वर्षांची मुलगी तिथे नाचायला म्हणून आली होती. दोन वर्षांपूर्वी आई गेलेली. सुधारगृहातून पळालेली. डोक्यावर धड छप्पर नाही. तिच्या आधी एडवर्ड्स भगिनी रंगमंचावर नाचून गेल्या आणि त्यांच्यापुढे आपला निभाव लागणार नाही हे तिला कळलं. मग ऐन वेळी ती नाचायच्या ऐवजी गायली. पहिलं बक्षीस मिळालं, २५ डॉलरचं. मुलीचं नाव एला फिट्झजेराल्ड.

या दोन रात्री म्हणजे एकच रात्र आहे, हे लक्षात आलं तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि ती जुनी रेकॉर्ड पहिल्यापासून पुन्हा ऐकायला बसले. कारण १९५६च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, हॉलिवूडमध्ये, त्याच एलाने त्याच पोर्टरची बत्तीस गाणी गायली. ‘एला फिट्झजेराल्ड सिंग्ज द कोल पोर्टर साँग बुक’, दोन एलपींचा संच. त्यातलं पहिलं गाणं ‘ऑल थ्रू द नाइट’ आणि दुसरं ‘एनिथिंग गोज’. दोन्ही त्या रात्रीच्या नाटकातली. पुढे ‘आय गेट अ किक आउट ऑफ यू’ आणि ‘यू आर द टॉप’ येतात, तीही त्यातलीच. ‘ईझी टु लव्ह’ तर त्या नाटकासाठी लिहिलं गेलं, पण नायकाच्या गळ्याला ते झेपेना म्हणून प्रयोगाआधीच गळालं आणि दोन वर्षांनी सिनेमात गेलं. त्या रात्री बावन्नाव्या रस्त्यावर गायली गेलेली ही चार गाणी, आणि न गायलं गेलेलं एक, अशी पाचही शेवटी हार्लेमच्या त्या मुलीच्या गळ्यात येऊन एकत्र झाली.

संगीत नाटक म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. ‘मानापमान’ १९११ साली रंगमंचावर आलं. त्याचा प्रयोग कधीही न पाहिलेल्या माणसांनाही त्यातली पदं तोंडपाठ असतात. नाटक मागे पडतं, पद मैफलीत येतं आणि तिथे त्याला दुसरं आयुष्य मिळतं. ब्रॉडवेच्या गाण्यांचंही नेमकं हेच झालं. ‘नाइट अँड डे’ ज्या १९३२च्या संगीतिकेतलं आहे, किंवा ‘बिगिन द बिगीन’ ज्या १९३५च्या संगीतिकेतलं आहे, त्यांची कथानकं आज कुणाला आठवत नाहीत. गाणी मात्र इतक्यांनी, इतक्या तऱ्हांनी गायली-वाजवली की जॅझवाल्यांच्या भाषेत ती ‘स्टँडर्ड’ झाली. म्हणजे प्रत्येकाला यायलाच हवीत अशी.

पण पद मैफलीत आलं की गायक त्याचं काय करतो? तो ते फुलवतो. एका शब्दावर थांबतो, राग उघडतो, ताना घेतो, आणि मूळ पद कधीकधी फक्त परत येण्याच्या जागेपुरतं उरतं. जॅझमध्येही हेच. पोर्टरच्या ‘व्हॉट इज धिस थिंग कॉल्ड लव्ह’ची स्वरसंगती उचलून टॅड डॅमरॉनने १९४०च्या दशकात त्यावर ‘हॉट हाउस’ ही बीबॉपची, म्हणजे त्या काळच्या वेगवान, गुंतागुंतीच्या जॅझशैलीतली, अख्खी नवी रचना बांधली. आणि एला तर याच मुशीतली. ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पीच्या बँडबरोबर दौरे केलेली, शब्द सोडून नुसत्या अक्षरांवर सुरांची उधळण करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिची १९४७ची ‘ओह, लेडी बी गुड’ ऐका. गाणं किती पटकन मागे पडतं आणि गळा कुठल्या कुठे निघून जातो!

अशा गायिकेने बत्तीस गाणी घ्यावीत आणि त्यांतली जवळजवळ सगळी सरळ गावीत, हा या रेकॉर्डचा खरा धाडसी भाग. तिने चाल मोडली नाही. शब्द गिळले नाहीत. जिथे तान सहज निघाली असती तिथे तिने स्वर नुसता धरून ठेवला. ज्याला काहीही करता येतं त्याने काही न करणं निवडलं की त्याला वेगळं वजन येतं. ते वजन मला या रेकॉर्डमध्ये पहिल्या ओळीपासून जाणवतं.

ही कल्पना जॅझच्या कार्यक्रमांचा आयोजक नॉर्मन ग्रँझ याची. एला १९३५पासून डेक्का कंपनीसाठी गात होती आणि तिथे तिला बरं-वाईट सगळंच गावं लागत असे. ग्रँझ तिचा मॅनेजर होता, पण रेकॉर्डिंगचे हक्क डेक्काकडे. मग जॅझवादक बेनी गुडमनवरच्या सिनेमाचं संगीत डेक्काला काढायचं होतं आणि त्यात वाजवणारे काही जण ग्रँझशी करारबद्ध होते. ग्रँझने सौदा केला: माझे वादक घ्या, एला सोडा. एला सुटली आणि तिच्यासाठी त्याने व्हर्व ही नवी कंपनीच काढली. कंपनीच्या अगदी सुरुवातीच्या एलपींमध्ये ही रेकॉर्ड होती. एलपी हा प्रकारही तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा. त्याआधीच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. एका बाजूला वीस मिनिटं मिळाल्याशिवाय एकाच गीतकाराची बत्तीस गाणी सलग ऐकवायचा विचार कुणाच्या मनात आला नसता. एला नंतर स्वतः म्हणायची की आपण फक्त बीबॉपच गात बसलो होतो, या रेकॉर्डने आयुष्याला वळण दिलं.

ग्रँझबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ऑक्टोबर १९५५मध्ये, म्हणजे या रेकॉर्डिंगच्या चारच महिने आधी, टेक्सासमधल्या ह्यूस्टनला त्याचा कार्यक्रम होता. गोऱ्यांनी इकडे, काळ्यांनी तिकडे असं बसवणार असाल तर आम्ही वाजवणार नाही, ही त्याची अट असे. तिथे त्याने ती पाळायला लावली. कार्यक्रम चालू असताना साध्या वेशातले पोलीस एलाच्या ड्रेसिंग रूममध्ये घुसले. गिलेस्पी आणि सॅक्सोफोनवादक इलिनॉय जॅके तिथे फासे खेळत होते. एलाचा त्या खेळाशी संबंध नव्हता, तरी जुगाराच्या आरोपाखाली तिलाही ठाण्यावर नेलं. ठाण्यात डोळे पुसणाऱ्या एलाचा फोटो आजही पाहायला मिळतो. जामिनावर सुटून ती परत आली आणि त्याच रात्री दुसऱ्या खेळाला गायली.

हे मनात ठेवून ‘मिस ओटिस रिग्रेट्स’ ऐकावं. बाकी रेकॉर्डवर ऑर्केस्ट्रा आहे, व्हायोलिनांचा ताफा आहे, ट्रंपेट आहेत. या गाण्यात फक्त पॉल स्मिथचा पियानो. गाणं १९३४चं. एका घरचा नोकर आलेल्या बाईंना निरोप देतोय: मिस ओटिस दिलगीर आहेत, आज त्यांना जेवायला येता येणार नाही. का, ते एकेका कडव्यातून कळत जातं. प्रियकराने फसवलं, तिने त्याला गोळी घातली, जमावाने तिला तुरुंगातून ओढून काढलं आणि झाडाला टांगलं. मरतानाही तिचे शब्द तेच: आज जेवायला येता येणार नाही, क्षमस्व.

पोर्टरने हे गाणं उच्चभ्रू शिष्टाचाराची गंमत म्हणून लिहिलं, आणि पार्ट्यांत ते तसंच हशे घेत गायलं जायचं. पण ऑगस्ट १९५५मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाची हत्या झाली होती. अलाबामातल्या मंटगमरीत त्याच हिवाळ्यात, बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध काळ्यांचा बसवरचा बहिष्कार चालू होता. अशा वेळी एक काळी गायिका जमावाने टांगलेल्या बाईचं गाणं गाते तेव्हा त्यातली गंमत आपोआप गळून पडते. एला त्यावर काहीही चढवत नाही. हुंदका नाही, रोष नाही. निरोप्याने निरोप सांगावा तसं अदबीने सांगते, कडव्यागणिक आवाज तितकाच नीट आणि तितकाच स्वच्छ. मला वाटतं, पोर्टरला स्वतःला कळलं नसेल इतकं ते गाणं तिने उलगडलं, आणि तेही एक शब्द न बदलता.

‘लव्ह फॉर सेल’ची कथाही अशीच आहे. १९३०च्या ‘द न्यूयॉर्कर्स’ या संगीतिकेतलं हे रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या बाईचं गाणं. आधी ते गोऱ्या नटीच्या तोंडी होतं. अभिरुचीहीन म्हणून ओरड झाली. मग काय केलं? प्रसंगाची जागा बदलून हार्लेमच्या कॉटन क्लबसमोर आणली आणि गाणं एलिझाबेथ वेल्च या काळ्या गायिकेला दिलं. ओरड थांबली! रेडिओवर मात्र त्याच्या शब्दांना कितीतरी वर्षं बंदी होती. एला ते जवळजवळ सहा मिनिटं गाते, आणि सुरुवातीच्या त्या ओळींसकट गाते ज्या बाकीचे बहुतेक गायक सोडून देतात.

या सुरुवातीच्या ओळींना ‘व्हर्स’ म्हणतात. नाटकात पात्र बोलता बोलता गाण्यात शिरतं, तेव्हा बोलणं आणि गाणं यांच्या मधली ही जागा. अर्धवट बोलल्यासारखी चाल, प्रसंग सांगणारे शब्द, आणि मग आपल्या ओळखीचं धृपद. नाटकाबाहेर आल्यावर हा भाग पहिल्यांदा कापला जातो. बँडला नाचणाऱ्यांसाठी वाजवायचं असतं, तिथे प्रसंग कशाला? एलाने तो भाग गाण्यांना परत दिला. ‘लव्ह फॉर सेल’च्या व्हर्समध्ये रिकामा रस्ता आहे, एका एकट्या पोलिसाच्या जड बुटांचा आवाज आहे, आणि मग ती बाई दुकान उघडते. हे ऐकल्यावर पुढचं धृपद नुसतं सुरेल वाटत नाही, अंगावर येतं. ‘जस्ट वन ऑफ दोज थिंग्ज’मध्ये आधी इतिहासातल्या आणि नाटकातल्या माणसांचे निरोप ऐकू येतात, मग स्वतःचा. व्हर्स कापला की ते एक बेफिकीर गाणं होतं. व्हर्ससकट ऐकलं की बेफिकिरी हा आव आहे, हे कळतं.

आणि ‘नाइट अँड डे’! व्हर्समध्ये पोर्टरने एकच स्वर तीसहून अधिक वेळा लिहिलाय. ढोलाचा ठोका, घड्याळाची टिकटिक, पाऊस थांबल्यावर थेंबांचं टपटपणं, हे सगळं त्याच एका स्वरावर. साध्या गायकाच्या हातात हा भाग कंटाळवाणा होतो, म्हणून तो पटकन उरकतात. एला उरकत नाही. स्वर तोच, पण दर शब्दाचं वजन वेगळं. ‘बीट’मधला ‘ट’ कुठे तुटतो, ‘ड्रिप’मधला ‘प’ कसा ओठांवर मिटतो, ते स्पष्ट ऐकू येतं. वाट बघणाऱ्या माणसाची अस्वस्थता चालीत नाहीच, ती या व्यंजनांत आहे. ग्रँझने ही रेकॉर्ड वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात राहणाऱ्या पोर्टरला नेऊन ऐकवली, तेव्हा त्याने तिच्या उच्चारांचंच कौतुक केलं म्हणतात. काही जणांना ती दाद कोरडी वाटते. मला नाही वाटत. शब्द लिहिणाऱ्या माणसाने आपला शब्द शेवटच्या व्यंजनापर्यंत ऐकू आला असं म्हणणं, याहून मोठी दाद ती कोणती?

रेकॉर्डमध्ये सगळंच उत्तम आहे असं मात्र मी म्हणणार नाही. संगीत संयोजक बडी ब्रेगमन तेव्हा अवघा पंचविशीचा होता आणि ते ऐकू येतं. द्रुत गाण्यांत पितळी वाद्यं मधेच जोरात येतात, जणू एला पुरेशी नाही. काही संथ गाण्यांवर व्हायोलिनांचा थर इतका जाड आहे की मी खालचा आवाज शोधत राहते. एकशे आठ बारचं (बार म्हणजे इथे चार मात्रांचा एक गट) ‘बिगिन द बिगीन’ हे पोर्टरच्या सर्वांत लांबलचक, वळणावळणाच्या गाण्यांपैकी एक. आणि इथे ते मला जरा जागच्या जागी फिरल्यासारखं वाटतं. त्याउलट बार्नी केसलची गिटार, जो मोंड्रॅगॉनचा बास, ॲल्विन स्टोलरचे ड्रम्स आणि हॅरी ‘स्वीट्स’ एडिसनचा तो नेमका, मोजक्या स्वरांचा ट्रंपेट जिथे पुढे येतात तिथे एला एकदम मोकळी होते. ग्रँझने अर्धी रेकॉर्ड तरी फक्त या चार-पाच जणांवर सोडायला हवी होती.

एलाच्या बाबतीत एक जुना आक्षेप आहे: आवाज निर्दोष, पण दुःख कुठाय? तिच्याच काळातल्या बिली हॉलिडे या जॅझ गायिकेने एक ओळ म्हटली की तिचं आयुष्य दिसतं. एलाला सगळं सोपं जातं, म्हणून ते खोल जात नाही. बिली हॉलिडे मला अतिशय प्रिय आहे. तरी हा आक्षेप मला मान्य नाही. ज्या मुलीने सतराव्या वर्षी रस्त्यावरचे दिवस काढले तिला दुःख ठाऊक नव्हतं, असं म्हणणं अन्यायाचं आहे. ते दुःख गाण्यावर लादायचं नाही, हा तिचा निर्णय होता.

‘एव्हरी टाइम वी से गुडबाय’ ऐकताना हे मला सर्वांत जास्त पटतं. पोर्टरने ते १९४४मध्ये लिहिलं. १९३७मध्ये घोडा अंगावर पडून त्याचे दोन्ही पाय चिरडले होते, आणि तेव्हापासून शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया, वेदना कायमच्या. गाण्याची सुरुवात जवळपास एकाच स्वरावर रेंगाळणारी, जणू निघायचं आहे पण पाऊल उचलत नाही. शेवटाकडे शब्द येतात: मेजरमधून मायनरमध्ये जाणं किती विचित्र. आणि नेमक्या त्या शब्दांवर खालचा मेजर कॉर्ड मायनर होतो. आपल्या भाषेत सांगायचं तर, मूळ षड्ज धरला तर मध्यमावर उभ्या असलेल्या त्या स्वरसमूहातला शुद्ध धैवत कोमल होतो. एकच स्वर, अर्ध्या पायरीने खाली. एवढ्याने सगळा प्रकाश बदलतो. इतक्या उघड जागेवर बहुतेक गायक थांबून ‘बघा, आलं’ असं सुचवतात. एला थांबत नाही. ती ओळ आधीच्या ओळीइतकीच समतोल म्हणते, कंप नाही, उसासा नाही, आणि म्हणून तो उतरलेला स्वर आपल्याला स्वतःहून सापडतो. कितीही वेळा ऐकलं तरी तिथे माझा श्वास अडखळतो. याला दुःख नाही म्हणायचं तर दुःख कशाला म्हणायचं?

असलं संगीत आपल्याला परकं वाटायचं कारणही नाही. १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये लिऑन ॲबी, मग टेडी वेदरफर्ड यांचे बँड वाजत होते आणि गोव्याचे वादक त्यांच्या शेजारी बसून हे सगळं शिकत होते. त्यांतलेच पुढे सिनेमाच्या स्टुडिओत गेले. अल्दोनाचा चिक चॉकलेट सी. रामचंद्रांबरोबर काम करत होता. १९५१च्या ‘अलबेला’त तो आपला बँड घेऊन पडद्यावरही आहे. रामचंद्रांच्या त्या गाण्यांतले ट्रंपेट ज्यांच्या कानांत बसलेत त्यांना ‘टू डार्न हॉट’ पहिल्याच ऐकण्यात ओळखीचं वाटेल.

पोर्टरनंतर एलाने रॉजर्स आणि हार्ट, ड्यूक एलिंग्टन, अर्व्हिंग बर्लिन, गर्श्विन बंधू, हॅरल्ड आर्लन, जेरोम कर्न आणि जॉनी मर्सर यांची गाणी घेतली. १९६४पर्यंत अशा आठ मालिका झाल्या. आपली गाणी इतकी चांगली आहेत हे एलाने गाईपर्यंत आपल्याला माहीत नव्हतं, असं आयरा गर्श्विन म्हणाला. संयोजनाच्या दृष्टीने १९५९चा गर्श्विन संच पुष्कळ सरस आहे, कारण तिथे नेल्सन रिडल आहे. त्याला एलाच्या आवाजाभोवती मोकळी जागा ठेवणं बरोबर कळतं. तरी मला कुणी विचारलं की एला कुठून ऐकायला सुरुवात करू, तर मी पोर्टरच सांगते. बत्तीस गाणी एका दमात ऐकू नयेत, शब्दांचे खेळ एकमेकांत मिसळतात. ‘मिस ओटिस’ आधी, मग ‘लव्ह फॉर सेल’ पूर्ण सहा मिनिटं, मग ‘नाइट अँड डे’. शब्द समोर छापलेले असतील तर फारच उत्तम, आणि इअरफोनपेक्षा चांगल्या स्पीकरवर. ‘एव्हरी टाइम वी से गुडबाय’ दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.